देवनागरी व मोडी मजकुराचें युनिकोड-संकेतांतील लेखन आणि त्याचें वाचन

हस्तलिखितांच्या सूच्या, दफ्तरांच्या याद्या आणि कागदपत्रांच्या नकला संगणकावर ठेवण्याचा प्रघात आतां सर्वत्र पडला आहे. एका संग्रहांतून दुसऱ्या संग्रहाकडे यादी जाते ती बहुधा संगणकाच्या फाइलीच्या रूपानें. अशी फाइल उघडून पाहतां पुष्कळदां देवनागरीचें एकहि अक्षर दृष्टीस पडत नाहीं. जेथें ग्रंथाचें नांव असावयाचें तेथें उलटी तिरकी रेघ, यू हें रोमी अक्षर व त्यामागें चार अंक, पुन्हां तीच रेघ, तेंच अक्षर व दुसरे चार अंक, अशी रांग लागलेली असते. फाइल बिघडली असें समजून ती टाकून देण्याकडे संग्राहकांचा कल होतो. हा समज खरा नाहीं. या रांगेंत मूळ मजकुराचें एक चिन्हहि गहाळ झालेलें नसतें. उलट तो इतक्या निःसंदिग्ध रीतीनें लिहिलेला असतो कीं, साध्या देवनागरी नकलेंत जें झांकून राहतें तें येथें उघडें पडतें. खरें नुकसान होतें तें ही रांग अर्धवट समजुतीनें दुरुस्त करूं जाणाराच्या हातून. म्हणून ही लेखनपद्धति काय आहे, ती कशी वाचावी, आणि विशेषतः मोडीच्या बाबतींत तींत कोणता धोका आहे, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

प्रथम एक उदाहरण घेऊं. ‘शके’ हा शब्द या पद्धतीनें असा लिहिला जातो: \यू०९३६\यू०९१५\यू०९४७. येथें छपाईसाठीं आम्ही रोमी अक्षरांच्या जागीं देवनागरी अक्षरें आणि रोमी अंकांच्या जागीं देवनागरी अंक योजिले आहेत; यंत्रास देतांना दोन्ही रोमीच पाहिजेत. पहिली चौकडी श ची, दुसरी क ची आणि तिसरी एकाराच्या मात्रेची. शब्दांत अक्षरें दोन, पण चौकड्या तीन. कारण यंत्र ‘के’ हें एक अक्षर मानीत नाहीं, तर क व मात्रा अशीं दोन चिन्हें मानतें. यांतील उलट्या रेघेस बॅकस्लॅश म्हणतात. ती स्वतः मजकुराचा भाग नसून ‘पुढें येणारें चिन्ह नेहमींच्या अर्थानें घेऊं नये’ अशी वाचणारास दिलेली सूचना होय. या सबंध योजनेस एस्केप सीक्वेन्स असें नांव आहे. आम्ही तिला ‘संकेत’ म्हणूं.

जुन्या कागदांच्या वाचकांस ही कल्पना अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. पेशवाईंतील पत्रावर साल ‘खमस सबैन मया व अलफ’ असें येतें, तेव्हां तें कोणी निरर्थक शब्द म्हणून सोडून देत नाहीं. पांच, सत्तर, शंभर व हजार मिळून सुहूर सन ११७५, म्हणजे इसवी १७७४-७५, असें आपण क्षणांत मांडतों. काव्याच्या अखेरीस शक नेत्र, बाण, चंद्र अशा शब्दांनीं दिला असेल तर तो उलट्या क्रमानें वाचावा लागतो हेंहि आपणांस ठाऊक असतें. एका प्रकारचें चिन्ह दुसऱ्या प्रकारच्या चिन्हांनीं लिहावयाचें आणि ते उकलण्याचा नियम दोघांनीं आधीं ठरवून ठेवावयाचा, इतकेंच तत्त्व येथेंहि आहे. भेद एवढाच कीं शब्दांकांत अर्थाविषयीं मतभेद संभवतो. या संकेतांत तो मुळींच संभवत नाहीं.

चौकडींतील अंक कोणत्या मानाचे हें मात्र ध्यानांत ठेविलें पाहिजे. ते दशमानाचे नसून षोडशमानाचे आहेत. रुपयाचे सोळा आणे मोजलेल्या लोकांस सोळाचें मान नवें नाहीं. नवाच्या पुढील सहा अंकांसाठीं रोमी ए, बी, सी, डी, ई व एफ हीं अक्षरें वापरतात. ए म्हणजे दहा आणि एफ म्हणजे पंधरा. एकं स्थानाच्या डावीकडे सोळा, मग दोनशें छप्पन्न, मग चार हजार शहाण्णव अशीं स्थानें होतात. तेव्हां क चा ०९१५ हा क्रमांक म्हणजे नऊ वेळां २५६, एक वेळ १६ आणि वर ५, मिळून २३२५ होय. जगांतील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हास असा एकेक क्रमांक देण्याचें जें कोष्टक आहे तें युनिकोड. त्याची पहिली आवृत्ति १९९१ मध्यें निघाली. देवनागरीस त्यांत ०९०० पासून ०९७एफ पर्यंत १२८ जागा दिल्या असून त्यांची मांडणी भारतांत तयार झालेल्या इस्की या १९८८ च्या कोष्टकावरून घेतली आहे.

क्रमांक असतांना अक्षर सरळ न लिहितां क्रमांकच कां लिहावा, असें कोणी विचारील. याचें उत्तर इतिहासांत आहे. १९६३ मध्यें अमेरिकेंत ठरलेल्या आस्की या कोष्टकांत अवघीं १२८ चिन्हें होतीं आणि दीर्घकाळ पुष्कळ यंत्रें व आज्ञावल्या तेवढींच चिन्हें निर्धोकपणें इकडून तिकडे पोंचवीत. देवनागरी मजकूर अशा मार्गानें पाठवावयाचा तर तो रोमी अक्षरांच्या व अंकांच्या वेषांतच पाठवावा लागे. सूच्यांची देवघेव ज्या जेसन नांवाच्या पद्धतीनें बहुधा होते, तींत दोन्ही रीती मान्य आहेत: अक्षर सरळ लिहा, अथवा संकेतानें लिहा, वाचणारास दोन्ही सारखेच. २०१७ मध्यें या पद्धतीचे नियम नव्यानें प्रसिद्ध झाले, तेव्हां भिन्न यंत्रांमधील देवघेवीसाठीं यूटीएफ-८ हीच बांधणी ठरविली गेली, व त्यामुळें संकेतांची जरूरीहि पुष्कळ अंशीं संपली. तरी पायथन या भाषेंतील जेसन लिहिण्याची तयार सोय, दुसरें कांहीं न सांगितल्यास, आस्कीबाहेरचें प्रत्येक चिन्ह संकेतानेंच लिहिते. तिला ‘एन्श्युअर-आस्की’ ही अट काढून टाकण्यास सांगितलें म्हणजे देवनागरी सरळ उमटते. आपल्याकडे येणाऱ्या संकेतमय याद्यांपैकीं पुष्कळशा केवळ या एका न बदललेल्या अटीमुळें तशा होत असाव्यात असें आमचें मत आहे.

आतां वाचनाकडे वळूं. सर्वांत सुरक्षित मार्ग असा कीं, फाइल ज्या पद्धतीनें लिहिली त्याच पद्धतीच्या वाचकानें ती वाचवावी. जेसन असेल तर जेसन वाचणाऱ्या सोयीनें, जावास्क्रिप्टची आज्ञावली असेल तर त्या भाषेनें. असें केल्यावर स्ट्रिंगमध्यें, म्हणजे यंत्राच्या स्मृतींतील अक्षरमालेंत, संकेत शिल्लक राहतच नाहींत. तेथें प्रत्यक्ष श, क व मात्रा असतात. संकेत हा फाइलीवरचा वेष आहे, स्ट्रिंगचा देह नव्हे. ही एक गोष्ट मनांत ठसली तर निम्मे घोंटाळे टळतात.

परंतु घाईनें काम करणारे दुसराच मार्ग धरतात. फाइल साध्या संपादकांत उघडून \यू०९३६ दिसेल तेथें श, असे एकेक बदल ते करीत सुटतात. यांत पहिला अपाय असा कीं, ००२२ हा अवतरणचिन्हाचा क्रमांक आहे. मजकुरांत तें चिन्ह संकेतानें लिहिलेलें असेल व तें कोणी उघडें केलें, तर वाचणारी सोय तेथेंच स्ट्रिंग संपली असें समजते आणि पुढची सारी नोंद मोडते. दुसरा अपाय दुहेरी रेघेचा. कधीं कधीं फाइलींत एका यू च्या मागें दोन उलट्या रेघा आढळतात. याचा अर्थ संकेतांत लिहिलेला मजकूर कोणी पुन्हां एकदां संकेतांत लिहिला. नकलेची नकल झाली. ती एकदां वाचली कीं हातीं अक्षर येत नाहीं, संकेत येतो. तोच पुन्हां वाचावा तेव्हां अक्षर मिळतें. पण कोणत्या नोंदी दोनदां लिहिल्या गेल्या व कोणत्या एकदां, हें आधीं पाहिलें पाहिजे. सरसकट सर्वांवर दोन वाचनें लादल्यास, ज्या नोंदींत खरीच उलटी रेघ होती ती नाहींशी होते.

तिसरा अपाय अधिक फसवा आहे. पायथनमध्यें संकेत उकलण्याची ‘युनिकोड-एस्केप’ नांवाची वेगळी सोय आहे व ती सुचविणारेहि पुष्कळ भेटतात. मजकूर संपूर्णपणें संकेतांत असेल तर ती ठीक चालते. मात्र एका यादींत निम्म्या नोंदी संकेतांत आणि निम्म्या सरळ देवनागरींत असल्या, आणि दोघां कारकुनांच्या याद्या एकत्र केल्यावर असें हटकून होतें, तर ही सोय सरळ देवनागरीचे बाइट लॅटिन-१ या युरोपीय कोष्टकाप्रमाणें वाचते. यूटीएफ-८ मध्यें श तीन बाइटांनीं लिहिला जातो. ते तीन निरनिराळे वाचले गेले म्हणजे श च्या जागीं डोक्यावर कललेली रेघ असलेला रोमी ए, चलनाची एक खूण आणि परिच्छेदाची एक खूण अशीं तीन चिन्हें येतात. संकेत सुधारले, पण जें धड होतें तें बिघडलें. मिश्र यादीवर या सोयीचा प्रयोग करूं नये.

येथवर देवनागरीची गोष्ट झाली. मोडीची गोष्ट निराळी आहे, व आमच्या वाचकांचा खरा स्वार्थ तीतच आहे.

मोडी लिपीस युनिकोडमध्यें स्वतंत्र जागा मिळाली ती २०१४ मधील सातव्या आवृत्तींत. अंशुमान पांडे यांनीं त्यासाठीं सविस्तर प्रस्ताव केला होता. स्वर, व्यंजनें, मात्रा, दंड, संक्षेपाची खूण, ‘हुवा’ हें चिन्ह आणि दहा अंक धरून मोडीचीं ७९ चिन्हें कोष्टकांत आहेत. मात्र तोंपर्यंत चार अंकी क्रमांकांचा पहिला प्रदेश जवळजवळ भरून गेला होता व मोडीस पुढच्या प्रदेशांत, ११६०० ते ११६५एफ येथें, वस्ती करावी लागली. क्रमांक पांच अंकी. आणि आपला संकेत तर नेमके चारच अंक घेणारा. या एका अंकानें सारा अनर्थ होतो.

मोडी न चा क्रमांक ११६२१ आहे. कोणी सरळपणें \यू११६२१ असें लिहिलें तर यंत्र तक्रार करीत नाहीं. तें पहिले चार अंक घेतें आणि पांचवा अंक साधा १ म्हणून तसाच ठेवतें. आतां ११६२ हा क्रमांक कोरियन लिपींतील एका स्वराचा आहे. अर्थात् मोडी न च्या जागीं कोरियन स्वर व एक असा आंकडा उमटतो. अ पासून ख पर्यंतच्या अक्षरांची स्थिति याहून चमत्कारिक: त्यांचे पहिले चार अंक ११६० असे येतात, आणि त्या जागीं कोरियन लिपींतील एक रिकामें, न दिसणारें चिन्ह आहे. त्यामुळें मोडी अ चें नुसतें शून्य दिसतें आणि मोडी क, ज्याचा क्रमांक ११६०ई, त्याचें नुसतें रोमी ई. पाहणारास वाटावें कीं कोणीतरी नोंदींत आंकडे भरले आहेत. अशी नोंद आढळल्यास ती सुधारतां येते, कारण न दिसणारें चिन्ह आंकड्यामागें अजून उभें असतें. परंतु ‘निरुपयोगी चिन्हें’ म्हणून तीं कोणी आधींच पुसलीं असतील तर मग उपाय नाहीं.

मोडी लिहिण्याच्या शुद्ध रीती भाषेपरत्वें तीन आहेत. पायथनमध्यें मोठा यू लिहून त्यापुढें आठ अंक देतात, म्हणजे ०००११६२१. जावास्क्रिप्टमध्यें २०१५ पासून लहान यू पुढें महिरपी कंसांत क्रमांक देण्याची सोय झाली आहे. जेसनमध्यें मात्र या दोहोंपैकीं एकहि चालत नाहीं. तेथें जोडसंकेत लिहावा लागतो. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून डी८०० ते डीएफएफएफ या जागा कोणत्याहि अक्षरास न देतां जोड्यांसाठीं राखून ठेविल्या आहेत. जोडींतील पहिला पहिल्या १०२४ जागांतून व दुसरा पुढच्या १०२४ जागांतून घ्यावयाचा; अशा रीतीनें १०,४८,५७६ नवीन चिन्हांची सोय होते. हिशेब असा: ११६२१ मधून १०००० वजा करावे, उरतात १६२१. त्यांस षोडशमानाच्या ४०० नें भागावें. भाग ५ येतो, बाकी २२१. भाग डी८०० मध्यें व बाकी डीसी०० मध्यें मिळवावी. मोडी न झाला: \यूडी८०५\यूडीई२१. देवनागरी अक्षरास या लेखनांत सहा बाइट लागतात, मोडीस बारा.

हा हिशेब हातानें करण्याची वेळ क्वचितच येते, पण तो एकदां करून पाहण्यासारखा आहे, कारण त्यांतून एक उपयुक्त खूण हातीं लागते. मोडीचीं सर्वच चिन्हें एवढ्या लहान टापूंत आहेत कीं प्रत्येकाच्या जोडींतील पहिली चौकडी डी८०५ हीच येते, आणि दुसरी डीई०० ते डीई५एफ यांच्या आंत राहते. कोणत्याहि अनोळखी फाइलींत डी८०५ नंतर डीई असा क्रम वारंवार दिसला, तर तेथें मोडी मजकूर आहे असें बहुतेक निश्चित समजावें. शाईच्या रंगावरून कागदाचा काळ ताडणाऱ्यांस या खुणेचें मोल सांगावयास नको. त्याच रीतीनें, डी८०५ एकटाच, मागें जोडीदार नसलेला, आढळला तर तेथें मजकूर मध्येंच कापला गेला आहे. ‘शीर्षक अमुक चिन्हांहून लांब नसावें’ अशी मर्यादा घालणारी आज्ञावली जोड मोडून अर्धें अक्षर ठेवते. जावास्क्रिप्टमध्यें मोडीचें एक अक्षर लांबींत दोन मोजलें जातें, म्हणून तेथें हें विशेष घडतें.

साठवणीच्या जागींहि असाच एक सांपळा आहे. मायएस्क्यूएल या प्रसिद्ध कोठारांत ‘यूटीएफ-८’ या नांवाची जी जुनी निवड आहे ती दर चिन्हास तीनच बाइट देते. देवनागरी तींत सुखानें मावते. चार बाइटांची मोडी मावत नाहीं. कडक तपासणीची अट बंद असेल तर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा सारा मजकूर सोडून दिला जातो आणि नोंद झाल्याचें कळविलें जातें. २०१० पासून ‘यूटीएफ८एमबी४’ ही चार बाइटांची निवड उपलब्ध आहे. मोडी ठेवणारानें तीच घ्यावी. संग्रहाचें देवनागरी लिप्यंतर नीट उतरलें म्हणून मूळ मोडीहि उतरली असेल, असें धरून चालूं नये. पडद्यावर मोडीच्या जागीं नुसत्या चौकटी दिसल्या तर मात्र घाबरूं नये. तो बहुधा टाइपाचा अभाव होय. नोटो सॅन्स मोडीसारखा टाइप बसविला कीं अक्षरें दिसूं लागतात.

याच ओघांत एक प्रश्न नमूद करणें अवश्य आहे. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद बहुधा पाळीत नाहींत, तर कोष्टकांत ऱ्हस्व इकारास ११६३१ व दीर्घास ११६३२ अशा दोन जागा आहेत. कागदावर एकच वळण असतां कोणता क्रमांक द्यावा हें नकलकारच ठरवितो, आणि दोघे नकलकार दोन प्रकारें ठरवितात. पडद्यावरील अक्षराकडे पाहून हें नेहमीं कळेलच असें नाहीं. संकेतांत तें तत्काळ कळतें. वळणाप्रमाणें क्रमांक द्यावा, अर्थाप्रमाणें देऊं नये, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे, कारण अर्थाचा निर्णय पुढचा संशोधक बदलूं शकतो, वळण तो बदलूं शकत नाहीं.

देवनागरींतहि न दिसणारे भेद आहेत व शोध घेतांना ते फार नडतात. ‘कऱ्हाड’ हें गांवाचें नांव घ्या. मराठींतील या अर्ध्या र साठीं कोष्टकांत ०९३१ हें चिन्ह आहे व त्यापुढें हलंताचा ०९४डी येतो. तोच आकार ०९३०, ०९४डी आणि २००डी या तीन क्रमांकांनींहि निघतो. शेवटचा क्रमांक न दिसणाऱ्या सांधणाऱ्या खुणेचा. तिसरी रीत ०९३० पुढें नुक्त्याचा ०९३सी लावण्याची. तिन्ही पडद्यावर सारखींच दिसतात, परंतु एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें शोधिलें तर यंत्र ‘नाहीं’ म्हणून सांगतें. युनिकोडची प्रमाणीकरणाची जी ठराविक क्रिया आहे ती पहिली व तिसरी रीत एक करते. दुसरीस ती शिवत नाहीं. दुसरीचें पहिलींत रूपांतर आपणच नियम करून करावें लागतें. २००डी ही खूण निरर्थक समजून पुसली तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे दऱ्यांच्या जागीं समुद्र येतो. आपल्या यादींत कऱ्हाडचे कागद किती, या प्रश्नाचें उत्तर असल्या एका अदृश्य खुणेवर अवलंबून असावें हें बरें नव्हे. यादी तपासतांना एकदां ती मुद्दाम संकेतांत लिहवून पाहावी. सर्व भेद अंकांत उभे राहतात.

जातां जातां एका क्षुल्लक पण त्रासदायक गोष्टीचा उल्लेख करतों. विंडोजवरील छायाचित्रांच्या मार्गांत उलटी रेघच वापरतात आणि तेथील ‘यूझर्स’ नांवाच्या कप्प्याचें पहिलें अक्षर यू आहे. पायथनमध्यें असा मार्ग स्ट्रिंग म्हणून लिहिला कीं भाषा तो संकेत समजते, पुढें अंक न सांपडल्यानें अडते व आज्ञावली चालतच नाहीं. स्ट्रिंगच्या आधीं आर हें अक्षर लिहावें, म्हणजे उलटी रेघ साधी रेघ राहते. जावा भाषेची तऱ्हा याहून विचित्र: तेथें संकेत सर्वांच्या आधीं, टिपणांतले सुद्धां, उकलले जातात, आणि टिपणांत नवी ओळ दर्शविणारा संकेत लिहिल्यास टिपण तेथेंच तुटतें.

संग्राहकांच्या हातीं आलेली फाइल कोणत्या अवस्थेंत आहे हें ओळखण्यास फार वेळ लागत नाहीं. उलट्या रेघा व चौकड्या असतील तर मजकूर पूर्ण शाबूत आहे. युरोपीय अक्षरांचा गोंधळ असेल तर बाइट चुकीच्या कोष्टकानें वाचले गेले आहेत व उलट दिशेनें वाचून ते बहुधा परत मिळतात. रोमी अक्षरेंच दिसत असून ठराविक टाइप लावल्यावर देवनागरी उमटत असेल, तर ती युनिकोडपूर्व टाइपांची फाइल आहे. तिचा प्रकार वेगळा आणि तिच्यासाठीं त्या त्या टाइपाचें परिवर्तक पाहिजे. परंतु अक्षरागणिक प्रश्नचिन्ह असेल, अथवा काळ्या शंकरपाळींत पांढरें प्रश्नचिन्ह असें एफएफएफडी हें चिन्ह खरोखरच फाइलींत साठविलेलें असेल, तर तेथें मूळ अक्षर नाहींसें झालें आहे. अशा वेळीं यंत्राशीं झगडण्यांत अर्थ नाहीं. ज्यानें यादी पाठविली त्याच्याकडून मूळ फाइल पुन्हां मागवावी, आणि ती येईपर्यंत हातांतील प्रत न बदलतां बाजूस ठेवावी. दुरुस्ती नेहमीं दुसऱ्या प्रतीवर करावी, व कोणत्या नोंदी किती वेळां उकलल्या, कोणते क्रमांक कशांत बदलले, याचें टिपण तारखेसह त्याच कप्प्यांत ठेवावें.